फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती नव्हे

संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बोहरी आळीतला हार्डवेअरचा दुकानदार असो, नाना पेठेतला मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापारी असो की भवानी पेठेतला लाकडाचा वखारवाला असो, गल्ल्याशेजारी एक संगणक असतोच. बिले त्यावर निघतात, जीएसटीचा हिशेब त्यावर होतो, उधारीची यादी त्यात असते. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी जेवढी जपली जात असे, तेवढे हे यंत्र मात्र जपले जात नाही. ते अडले की दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. तो पडद्याकडे एक नजर टाकतो, "फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगतो आणि आपण मान डोलावतो. या एका वाक्याला आपल्या व्यापारी बांधवांनी इतक्या सहज होकार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या संगणकावर एकापेक्षा अधिक ऑपरेटिंग सिस्टिम आहेत किंवा पूर्वी होत्या, त्याच्या एका विशिष्ट दुखण्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हे दुखणे म्हणजे जुनी सिस्टिम काढल्यावर मागे राहणाऱ्या बूट फाइली. विषय तांत्रिक वाटेल, पण यात धंद्याचा पैसा, कायद्याने जपायच्या नोंदी आणि दुरुस्तीचे काम करणाऱ्या तरुणांची रोजी या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत. म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

एका यंत्रात दोन सिस्टिम कशासाठी?

दुकानातल्या साध्या संगणकावर दोन सिस्टिम कोण ठेवतो, असा प्रश्न पडेल. पुण्यात त्याची तीन ठळक कारणे आहेत.

पहिले कारण छापखाने. मराठी मजकुराची जुळणी अनेक वर्षे पेजमेकर आणि श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरवर झाली. पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ साली आली. त्या काळातले फॉन्ट युनिकोडचे नव्हते. तो मजकूर नव्या यंत्रावर उघडला तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. लग्नपत्रिका, दिनदर्शिका, शाळांची प्रश्नपत्रिका असे वर्षानुवर्षांचे साचे जुन्या स्वरूपात पडून आहेत. त्यामुळे नव्या कामासाठी नवी विंडोज आणि जुन्या साच्यांसाठी एक्सपी किंवा विंडोज ७ अशी दुहेरी व्यवस्था छापखानेवाले करतात. एक्सपीला माइक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी संपला, हे त्यांनाही ठाऊक असते. पण धंद्याची गरज वेगळी.

दुसरे कारण अधिक ताजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. त्यामुळे चांगली चालणारी असंख्य यंत्रे एका तारखेला जुनी ठरली. नवे यंत्र परवडत नसेल तर त्याच डिस्कवर उबंटू किंवा मिंटसारखी विनामूल्य लिनक्स बसवून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. काहींना ती मानवते, काहींना मानवत नाही. ज्यांना मानवत नाही ते ती काढून टाकतात, आणि दुखणे तेथूनच सुरू होते.

तिसरे कारण म्हणजे जुन्या यंत्रात बसवलेली नवी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून शेजारी एसएसडी लावली जाते व तिच्यावर नवी विंडोज टाकली जाते. मालकाला आपल्याकडे दोन सिस्टिम आहेत याची कल्पनाही नसते.

वाड्याचा दरवाजा आणि नावांची पाटी

आता मूळ व्यवहार समजून घेऊ. पेठेतला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाजातून आत शिरताच भिंतीवर भाडेकरूंच्या नावांची पाटी असते. पोस्टमन ती वाचतो आणि ज्या त्या खोलीकडे जातो. संगणकाची कळ दाबली की असेच होते. मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम आधी जागा होतो. त्याला विंडोज कोठे आहे हे स्वतःहून ठाऊक नसते. तो पाटी वाचतो.

जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रात ही पाटी म्हणजे डिस्कचा पहिला सेक्टर. त्याची जागा अवघी ५१२ बाइट. त्यातील ४४६ बाइटमध्ये वाट दाखवणारा छोटा प्रोग्राम, ६४ बाइटमध्ये डिस्कच्या पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये खूण. नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रात मदरबोर्ड आपल्याच स्मृतीत सिस्टिमच्या नावांची यादी ठेवतो, आणि डिस्कवर ईएफआय नावाचे एक लहान पार्टिशन असते. विंडोज ते बहुधा १०० एमबीचे करते. त्यात प्रत्येक सिस्टिमचा स्वतंत्र फोल्डर असतो. माइक्रोसॉफ्टचा एक, उबंटूचा एक, आणि बूट नावाचा एक सामाईक. हे पार्टिशन माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. त्यामुळे मालकाला ते असल्याचेच माहीत नसते.

आता एक भाडेकरू खोली सोडून गेला. खोली रिकामी झाली, पण पाटीवरचे नाव कोणी पुसले नाही. पोस्टमन रिकाम्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचे पार्टिशन नुसते डिलीट केले की नेमके हेच घडते. बायोसच्या यंत्रात लिनक्सच्या ग्रब या बूट प्रोग्रामचा पहिला तुकडा डिस्कच्या तोंडाशी राहतो आणि उरलेला भाग पार्टिशनबरोबर जातो. काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे येतात. यूईएफआयच्या यंत्रात ईएफआय पार्टिशनमधला ग्रब शाबूत असतो, पण त्याने ज्या जागेवर जायचे ती जागाच नसते. तेथेही काळा पडदा. मालक घाबरतो. वास्तविक त्याची विंडोज, त्याची टॅली, त्याची बिले सर्व काही जागच्या जागी असते. चुकलेली असते ती फक्त पाटी.

उरलेली प्रत्येक फाइल निरुपयोगी नसते

येथपर्यंतचे ऐकून कोणी म्हणेल, मग उरलेल्या फाइली शोधाव्या आणि पुसून टाकाव्या, झाले. परंतु खरा धोका येथेच आहे, आणि याच ठिकाणी अर्धवट जाणकार मोठे नुकसान करतात.

वाड्यातला जुना भाडेकरू गेला, पण दिंडी दरवाजाची किल्ली त्याच्याच खोलीतल्या खुंटीवर टांगलेली होती. मालकाने खोली पाडली आणि किल्ली ढिगाऱ्यात गेली. आता इतर भाडेकरूंनाही आत जाता येत नाही.

एक्सपी आधी आणि विंडोज ७ नंतर बसवलेल्या यंत्रात असेच होते. एक्सपीच्या बूट फाइली वेगळ्या. एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट आणि बूट.आयएनआय. व्हिस्टापासून पुढे बूटएमजीआर आणि बूट फोल्डरातला बीसीडी नावाचा साठा ही नवी व्यवस्था आली. पण विंडोज ७ बसताना या नव्या फाइली स्वतःच्या पार्टिशनमध्ये ठेवत नाही. डिस्कवर जे पार्टिशन ॲक्टिव्ह म्हणून खूण केलेले असेल तेथे ठेवते, आणि ते असते एक्सपीचे. पुढे केव्हातरी "एक्सपी आता लागत नाही" म्हणून तो ड्राइव्ह फॉरमॅट होतो आणि विंडोज ७ ही चालू होईनाशी होते. जुन्या घरात राहिलेल्या त्या फाइली जुन्या सिस्टिमच्या नव्हत्याच. त्या चालू सिस्टिमच्या होत्या.

एसएसडीच्या बाबतीतही हाच प्रकार. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असताना एसएसडीवर विंडोज टाकली, तर पुष्कळदा नवी विंडोज आपल्या बूट फाइली जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवते. सहा महिने यंत्र झकास चालते. मग जुनी डिस्क आवाज करू लागली म्हणून ती काढली जाते आणि नव्या कोऱ्या एसएसडीवरची विंडोज सापडत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, एसएसडी गेली. एसएसडी गेलेली नसते. किल्ली जुन्या डिस्कबरोबर गेलेली असते. विंडोजच्याच बीसीडीबूट या साधनाने त्या फाइली एसएसडीवर नव्याने बसवता येतात. त्यासाठी एसएसडीवर तेवढे छोटे पार्टिशन मात्र करावे लागते. याहून सोपे म्हणजे विंडोज टाकताना जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवणे. एवढ्याने पुढचा सारा खटाटोप टळतो.

आणखी एक प्रकार नोंदवला पाहिजे. विंडोज ७ च्या काळात चोरीची प्रत अस्सल भासवण्यासाठी जी साधने फिरत होती, त्यांतील काही बूटच्या वाटेवरच स्वतःची फाइल बसवत. अशी यंत्रे अजूनही दुरुस्तीला येतात आणि कारण न समजता हातातून हातात जातात. फुकटातल्या मालाची किंमत अशी नंतर मोजावी लागते.

फॉरमॅटने काय साधते आणि काय जाते?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकली की काय होते? यूईएफआयच्या यंत्रात नवी विंडोज यादीत आपले नाव सर्वांत वर लिहिते. यंत्र चालू होते. गिऱ्हाईक खूश, दुरुस्तीवाला मोकळा. पण ईएफआय पार्टिशनमधला उबंटूचा फोल्डर तेथेच असतो आणि मदरबोर्डच्या यादीतले नावही तेथेच असते, कारण सी ड्राइव्हच्या फॉरमॅटचा हात त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी सारा हिशेब पुसला, ते दुखणे अंगातच राहिले! १०० एमबीच्या त्या लहान जागेत असा जुना ऐवज साठत गेला तर पुढे विंडोजची मोठी आवृत्ती चढवताना "सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अद्ययावत करता आले नाही" असा संदेश येऊन काम अडते. पुन्हा फॉरमॅटचा सल्ला. असे हे चक्र.

उलट जाते काय, ते पाहा. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ साठी पुढच्या महिन्याची ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी साठी २० तारीख असते. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, कर भरायचा असल्यास त्यावर व्याज वेगळे. हा झाला तातडीचा तोटा. दुसरा अधिक गंभीर आहे. २०१७ च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. पुष्कळ दुकानांत हा सारा हिशेब सी ड्राइव्हमध्येच असतो. उद्या नोटीस आली तर "दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारला" हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही. छापखान्याचे तर वर्षानुवर्षांचे साचे, फॉन्ट आणि सॉफ्टवेअरची नोंदणी एका झटक्यात जाते. यांतील काही सॉफ्टवेअर आज पुन्हा मिळणेही कठीण.

आणि एक बदल फार थोड्यांच्या लक्षात आला आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट मारला तरी मजकूर बराच काळ खाली शिल्लक राहत असे, आणि रिकव्हरीवाला तो काढून देऊ शकत असे. एसएसडीचे तसे नाही. फॉरमॅट होताच विंडोज तिला ट्रिम नावाची सूचना देते आणि एसएसडी ती जागा आतून मोकळी करून टाकते. त्यानंतर मजकूर परत मिळण्याची आशा बहुधा उरत नाही. म्हणजे सवय जुनीच राहिली, तिचा धोका मात्र कितीतरी वाढला.

ऑगस्ट २०२४ चा धडा

बूटची तक्रार आणि डिस्कवरचा मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे मोठे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. १३ ऑगस्ट २०२४ रोजी माइक्रोसॉफ्टने विंडोजचा सुरक्षा अपडेट दिला. ग्रबमधील एका जुन्या त्रुटीचा गैरफायदा कोणी घेऊ नये म्हणून जुने लिनक्स बूट प्रोग्राम रोखण्याची तरतूद त्यात होती. ज्या यंत्रावर विंडोजबरोबर लिनक्सही आहे तेथे हा नियम लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. पण काही यंत्रांवरची लिनक्स त्या अपडेटला ओळखताच आली नाही. लोकांनी संगणक चालू केला तो लिनक्सऐवजी "एसबॅट" तपासणी फसल्याचा संदेश पडद्यावर आला.

लिनक्स जागेवर होती, लोकांच्या फाइली जागेवर होत्या. नाकारला गेला तो फक्त दरवाजातला प्रवेश. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये शिरून तो नियम काढणे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे हा मार्ग जाणकारांनी काही दिवसांतच दाखवला. माइक्रोसॉफ्टने आपल्या बाजूने ही अडचण मे २०२५ च्या अपडेटमध्ये निकालात काढली. ज्यांनी पडदा पाहताच डिस्क पुसली असेल त्यांनी दुसऱ्याच्या चुकीपायी आपला मजकूर घालवला. ज्यांनी संदेश वाचला त्यांचे काही गेले नाही.

दुरुस्तीवाल्याची बाजू

न्यायाने पाहायचे तर दुरुस्ती करणाऱ्याचीही बाजू ऐकली पाहिजे. फॉरमॅटचे काम ठरलेले असते. वेळ ठरलेला, पैसे ठरलेले, निकाल ठरलेला. याउलट बूटचे दुखणे शोधायला दहा मिनिटे लागतील की दोन तास, हे आधी सांगता येत नाही. आणि दोन तास घालवून चार ओळींच्या आज्ञेने यंत्र चालू केले तर गिऱ्हाईक म्हणते, "काहीच तर केले नाही, याचे कसले पैसे?" डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण असे विचारत नाही. संगणकवाल्याला मात्र केवळ सुटा भाग बदलल्याचे किंवा विंडोज टाकल्याचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग तो अक्कल कशाला खर्च करील? फॉरमॅटची ही रूढी दुरुस्तीवाल्यांनी एकट्याने घातलेली नाही. तिच्यात गिऱ्हाइकाचा वाटा निम्मा आहे.

तरीसुद्धा एक गोष्ट सोडता येत नाही. दुरुस्तीला दिलेले यंत्र ही अमानत आहे. घड्याळवाल्याकडे घड्याळ दिले तर तो आतले माणिक काढून घेत नाही, ही आपली खात्री असते. यंत्रातला मजकूर त्या माणकाहून मोलाचा असतो. मालकाला स्पष्ट विचारल्याशिवाय आणि प्रत काढल्याशिवाय तो पुसण्याचा हक्क कोणालाही नाही.

योग्य क्रम कोणता?

दुसरी सिस्टिम काढायची असेल तर क्रम महत्त्वाचा. तो आम्ही सोप्या शब्दांत देतो. दुरुस्तीवाला बोलावला तरी मालकाने हा क्रम समोर ठेवून काम करून घ्यावे.

पहिली पायरी, हिशेबाची आणि कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच.

दुसरी, विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. विंडोज ११ असलेल्या नव्या यंत्रांत हे कुलूप मालकाला न सांगता लागलेले असू शकते. सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलताच यंत्र ती की मागते. ती नसेल तर मजकूर समोर असून हाती लागत नाही.

तिसरी, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा आणि यंत्र दोन वेळा बंद-चालू करून पाहावे. विंडोज स्वतःच्या बळावर उभी राहते याची खात्री झाल्याशिवाय एकही पार्टिशन काढू नये. यंत्रात दोन डिस्क असतील तर जाणारी डिस्क आधी नुसती सोडवून पाहावी. विंडोज चालू झाली तरच पुढे जावे.

चौथी, आता लिनक्सचे पार्टिशन काढावे.

पाचवी, ईएफआय पार्टिशन उघडून त्यातला फक्त त्या सिस्टिमच्या नावाचा फोल्डर काढावा. माइक्रोसॉफ्ट आणि बूट या नावांच्या फोल्डरांना हात लावू नये. बूट हा फोल्डर सामाईक वाट आहे, तो कोणाचा आहे हे नावावरून कळत नाही.

सहावी, मदरबोर्डच्या यादीतले नाव काढावे. विंडोजमध्ये बीसीडीएडिट आणि लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर ही साधने त्यासाठी आहेत. फोल्डर आधी आणि नाव नंतर, हा क्रम उलटू नये. काही मदरबोर्ड फाइल सापडली की काढलेले नाव आपणहून पुन्हा लिहितात.

जुन्या बायोसच्या यंत्रावर काम याहून थोडे असते. विंडोजच्या रिकव्हरी डिस्कवरून बूटरेक या साधनाने पहिला सेक्टर दुरुस्त केला की 'ग्रब रेस्क्यू' चा पडदा जातो.

आणि शेवटची गोष्ट. चालू होताना नुसते एक जादा नाव दिसते आणि तीस सेकंद थांबावे लागते, एवढीच तक्रार असेल तर वरचे काहीच करायला नको. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या खिडकीतून ते नाव काढता येते किंवा थांबण्याचा वेळ कमी करता येतो. जे त्रास देत नाही ते उगाच उकरू नये, हेही शहाणपणच.

आमचे सांगणे

पुणे हे काही संगणकाला नवखे शहर नाही. १९८८ साली सी-डॅकची स्थापना येथे झाली, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक येथे तयार झाला. याच सी-डॅकने पुढे २००७ साली बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स देशाला दिली. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचे मुख्यालय येथेच आहे आणि त्यांचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम राज्यभर पोहोचला आहे. अशा शहरात दुरुस्तीवाल्याच्या पिशवीतले एकमेव हत्यार विंडोजचा पेन ड्राइव्ह असावे, हे शोभत नाही. संगणक वापरायला शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले. तो अडला तर शांतपणे निदान कसे करायचे, हे शिकवणारे फार थोडे.

येथे आपल्या तरुणांना संधी आहे, असे आम्हाला वाटते. विंडोज १० ची लाखमोलाची यंत्रे भंगारात न घालता लिनक्सवर किंवा दुहेरी व्यवस्थेवर चालवून देणे, जुन्या छापखान्यांचे साचे सांभाळून नवी सिस्टिम शेजारी बसवणे, एसएसडी नीट लावणे, ही कामे पुढची काही वर्षे भरपूर मिळणार आहेत. त्याला मोठे भांडवल लागत नाही. एक जुना संगणक घ्यावा, त्यावर दोन सिस्टिम मुद्दाम बसवाव्या, मुद्दाम मोडाव्या आणि फॉरमॅट न करता पुन्हा उभ्या कराव्या. दहा वेळा हे केलेला मुलगा तपकीर गल्लीत कोठेही उभा राहिला तरी त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. अट एवढीच, की त्याने पडद्यावरचा संदेश आधी वाचावा आणि हात नंतर चालवावा.

दुकानदारांना आमची विनंती आहे की त्यांनी दोन पद्धती आजपासून पाळाव्या. पहिली, दुरुस्तीला यंत्र देताना तपासणीचे पैसे वेगळे ठरवावे आणि ते आनंदाने द्यावे, भाग बदलला नाही तरीही. दुसरी, पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी, "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये." ही ओळ लिहायला जो दुरुस्तीवाला तयार होत नाही, त्याच्या हाती आपली खतावणी देऊ नये.